बिघडल्यानंतरचं आयुष्य : घरातल्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचं एक परीक्षण

आज आम्ही गेमबद्दल बोलणार नाही, गेमच्या यंत्राबद्दल बोलणार आहोत. मारिओ श्रेष्ठ की कॉन्ट्रा, हा वाद नंतर चहाच्या वेळी घालू. यंत्र म्हणजे तो डबा, त्याची खाच, वायर, बटणं आणि आत तापत बसणारे तुकडे. पुस्तकाचं परीक्षण करताना बांधणीवर कुणी दोन ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही, आणि ते ठीकच आहे. बांधणी सुटली तरी पानं वाचता येतात. गेमच्या डब्याची बांधणी सुटली की गेमच उरत नाही. तरीही डब्याचं परीक्षण कुणी करत नाही. आठवणी मात्र सगळे काढतात.

आणि आमचं पहिलं भांडण या आठवणींशीच आहे. "आमच्या वेळचे गेम काय दणकट होते, आताचं सगळं कचकड्याचं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बहुतेकांनी उच्चारलंही असेल. हे वाक्य कसं तयार होतं ते बघा. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एक जुना डबा सापडतो, जोडला तर चालतो, आणि आपण निष्कर्ष काढतो की जुनं सगळं टिकतं. पण त्याच गल्लीतले जे दहा डबे जळाले, ते केव्हाच भंगारवाल्याकडे गेले. ते साक्ष द्यायला येत नाहीत. आखाती युद्धात जळालेला एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षं काचेत ठेवला होता; बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं आणि आत 'टेट्रिस' सुरू. लोक फोटो काढायचे. छान आहे, पण तो एक नमुना आहे. एका नमुन्यावरून मजबुती सिद्ध होत नाही, जाहिरात होते.

मग टिकाऊपणा मोजायचा कसा? आम्ही एक साधी कसोटी घेऊन आलो आहोत. यंत्र किती वर्षांनी बिघडलं हे विचारू नका. बिघडल्यावर त्याचं काय झालं ते विचारा. जे झिजणार आहे ते रचनाकारानं हात पोचेल अशा ठिकाणी ठेवलंय की नाही? गल्लीतल्या मेकॅनिकला ते बदलता येतं की नाही?

या कसोटीवर आमचं आवडतं यंत्र कोणतं, तेही आधीच सांगतो, म्हणजे उगाच ताणून धरायला नको. जपानी फॅमिकॉमची रचना, पण ती जशी आपल्या घरात आली तशी. म्हणजे नकलेच्या रूपात, आणि तीही नव्वदच्या दशकातली, सुट्या चिपांची नक्कल. सामुराय, लिटल मास्टर, मीडिया ही नावं आठवत असतील. अस्सल वस्तू सोडून नकलेला मान देतोय म्हणून काही जण नाराज होतील. कारणं देतो.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. रचनाकार मासायुकी उएमुरा. या माणसानं काही निर्णय फार शहाणपणाने घेतले. पहिला निर्णय कॅसेटचा. गाण्याच्या कॅसेटएवढी छोटी कार्ट्रिज करायची असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे मुलांनी त्या वस्तूला पहिल्या दिवसापासून 'कॅसेट'च म्हटलं, आणि आजही कुणी कार्ट्रिज म्हणत नाही. रचनाकाराच्या मनातलं माप हजारो मैलांवरच्या पोरांनी न सांगता ओळखलं, याला आम्ही चांगल्या रचनेची खूण मानतो.

दुसरा निर्णय हातात धरायच्या वस्तूचा, ज्याला आपण कधी रिमोट म्हणायचो, कधी जॉयस्टिक. सुरुवातीला खरोखरच उभी दांडी लावायचा विचार होता. तो मागे पडला, आणि त्यामागची एक काळजी फार घरगुती होती: पोरं खेळून झाल्यावर वस्तू जमिनीवर टाकतात, कुणीतरी त्यावर पाय देतं, दांडी मोडते. गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये 'डाँकी काँग'च्या गेम अँड वॉचवर एक चपटं अधिक-चिन्हाचं बटण बसवलं होतं. तेच इथे आलं. जमिनीवर बसून खेळणाऱ्या घरासाठी यापेक्षा चांगला निर्णय होऊ शकला नसता. आपल्याकडे तर सतरंजीवर बसूनच खेळत होते सगळे.

पण सगळंच उत्तम होतं असं नाही. अगदी पहिल्या फॅमिकॉमांची बटणं चौकोनी आणि रबराची होती. ती झिजायची, अडकायची, म्हणून नंतर गोल प्लास्टिकची केली. आणि मोठी चूक म्हणजे दोन्ही रिमोटच्या वायरी डब्यातच कायमच्या जोडलेल्या. आता वायर कुठे तुटते? कधीही मध्ये तुटत नाही, मानेशी तुटते, जिथे ती वाकते तिथे. ती तुटली की पूर्ण डबा उघडायचा. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही गोष्ट आहे आणि ती दिसते.

अमेरिकेसाठी १९८५ मध्ये वेगळा डबा केला तेव्हा निन्टेंडोनं ही चूक सुधारली, रिमोट सुटे केले. पण तिथे दुसरी, जास्त गंभीर चूक करून ठेवली. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, दुकानदार गेमचं नाव काढू देत नव्हते. म्हणून लान्स बार यांनी डब्याला व्हीसीआरसारखं रूप दिलं. कॅसेट समोरून आडवी सरकवायची आणि मग खाली दाबायची. दिसायला झकास. पण आतल्या ७२ पिनांच्या पट्टीवर दर वेळी वाकण्याचा ताण पडू लागला, पिना सैल झाल्या, संपर्क तुटू लागला. त्यात नकली कॅसेट ओळखण्यासाठी एक कुलूपचिप बसवलेली; संपर्क जरा हलला की तिला वाटायचं कॅसेट खोटी आहे, आणि ती यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करायची. लाल दिवा लुकलुकत राहायचा. १९९३ मध्ये निन्टेंडोनं पुन्हा वरून खोचायची खाच आणली, तेव्हा बाजार पुढे निघून गेला होता. दुकानदाराच्या भीतीपायी रूप बदललं आणि त्या रूपानं यंत्राचा घात केला, असं आम्ही म्हणतो.

वरून सरळ खोचण्यात गंमत काय आहे? कॅसेट आत जाताना पिना तिच्या पट्ट्यांवर घासल्या जातात, आणि घासल्यामुळे त्या थोड्या साफ होतात. म्हणजे वापर हीच देखभाल. आता फुंकरीबद्दल बोलायलाच हवं. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची, पुन्हा लावायची, आणि लागायचा! निन्टेंडो स्वतः फुंकू नका असं सांगत असे. फुंकरीतला ओलावा उलट पट्ट्या खराब करतो. काम होत होतं ते काढून पुन्हा खोचण्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळालं.

आता आपल्या नकलेकडे येऊ. त्या काळात परदेशी गेम आयात करणं म्हणजे मोठं शुल्क. १९९५ मध्ये सेगा शॉ वॉलेसमार्फत अधिकृतपणे भारतात आली, पण ती किंमत वाळूजला पाळीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात बसणारी नव्हती. बसली ती नक्कल. आणि ही नक्कल उघडून पाहिली, जुन्या काळातली, तर आत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या दोन मोठ्या चिपा दिसतात, ६५२७ आणि ६५३८. एक हिशोब आणि आवाज सांभाळते, दुसरी चित्र. या चिपा म्हणजे नुसती कॉपी नव्हत्या. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. युरोपात निन्टेंडोच्या अधिकृत यंत्रात हिशोबाच्या चिपचा वेगही उतरवला होता, त्यामुळे जपानी गेमचा स्वर खाली यायचा आणि वेळेवर अवलंबून असलेली काही दृश्यं विस्कटायची. यूएमसीनं चिपचा वेग जपानी यंत्राच्या जवळ ठेवला आणि चित्रांमधला मोकळा वेळ वेगळ्या पद्धतीने जुळवला. परिणाम असा की जपानी कॅसेट आपल्या टीव्हीवर न फुटता चालायची, सूरही जवळजवळ तोच. चाल मात्र सहाला पाच. आपला मारिओ जपानी मारिओपेक्षा सावकाश पळत होता, मंडळी. आपल्याला कधी कळलं नाही, कारण दुसरा पाहिलाच नव्हता. रशियात १९९२ मध्ये 'डेंडी' नावानं याच जातीचं यंत्र आलं, तिथेही हीच गोष्ट.

नकलेनं आणखी दोन गोष्टी केल्या. रिमोट सुटे केले, नऊ किंवा पंधरा पिनांचं साधं सॉकेट दिलं. आणि टीव्हीच्या अँटेनाच्या वायरीबरोबर एव्हीच्या पिना दिल्या. कुलूपचिप तर नव्हतीच, चोराच्या घराला कसलं कुलूप! म्हणजे मूळ जपानी डब्याचा दोष काढला, अमेरिकी डब्याचा दोष घेतला नाही. नक्कल करणाऱ्याचा हेतू पैसा होता, यात शंका नाही. पण समीक्षकानं हेतू बघायचा की वस्तू? आम्ही वस्तू बघतो.

तर मग ती मरायची कशानं? विजेनं. यावर थोडं थांबू, कारण मराठवाड्यात राहून विजेबद्दल न बोलता यंत्राच्या टिकाऊपणावर बोलणं म्हणजे पावसाबद्दल न बोलता शेतीवर बोलणं.

आतल्या चिपांना ५ व्होल्ट लागतात. बाहेरचा अडॅप्टर देतो साधारण ९. मधला फरक कमी करायला आत तीन पायांचा एक तुकडा असतो, ७८०५ नावाचा. तो उरलेली वीज वापरत नाही, उष्णता करून टाकतो. समजा यंत्र ४०० मिलिअँपिअर घेतं. नऊमधून पाच गेले, राहिले चार. चार गुणिले शून्य दशांश चार, म्हणजे १.६ वॉट उष्णता. त्याला अॅल्युमिनियमची पट्टी जोडली की भागतं. पण स्वस्त अडॅप्टरात व्होल्टेज स्थिर ठेवणारं काही नसतं. घरातली लाइन वर गेली की तोही वर जातो. त्यातून १३ व्होल्ट आले तर? तेरातून पाच गेले, आठ. उष्णता ३.२ वॉट, थेट दुप्पट. त्यात एप्रिल-मे, बाहेर चाळीसच्या वर, पत्र्याची खोली, सुट्ट्या लागलेल्या आणि पोरं सकाळपासून बसलेली. भारनियमनाच्या वर्षांत लाइट आली की पहिला झटका कुणाला? टीव्हीला स्टॅबिलायझर असायचा, गेमच्या अडॅप्टरची पिन मात्र भिंतीतल्या दुसऱ्याच बोर्डात.

हे यंत्र जपानच्या किंवा तैवानच्या स्थिर विजेसाठी कल्पिलेलं होतं. आपल्याकडे ते रोज परीक्षेला बसायचं. आणि तरीही आम्ही त्याला गुण देतो, का, तर जळायचा तो बहुतेक वेळा ७८०५ किंवा अडॅप्टर. ७८०५ हा जगातला सगळ्यात सामान्य भागांपैकी एक. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळणारा, चिल्लर किमतीचा. तो बळी जायचा आणि मागच्या चिपा बहुधा वाचायच्या. तीन डाग काढायचे, तीन डाग द्यायचे.

डाग म्हणजे सोल्डर, तरुण मंडळींसाठी सांगतो. तांब्या-पितळेची भांडी जोडणाऱ्यांचा हा शब्द, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी उचलला. आणि यावरूनच आम्हाला कल्हई आठवते. पितळी पातेल्याची कल्हई जाते, हे पातेल्याच्या रचनेतच गृहीत आहे. जाते, पुन्हा लावतात. कुणी म्हणत नाही की पातेलं बिघडलं. कल्हई गेलेलं पातेलं फेकून दिलं तर आजीनं वेड्यात काढलं असतं. झिजणारा थर वेगळा आणि टिकणारं अंग वेगळं, ही अक्कल आपल्या स्वयंपाकघरात होतीच. जुन्या नकलेच्या डब्यात ती, ठरवून असो की योगायोगानं, शिल्लक होती.

रिमोटचंही तेच. बटणाखाली रबराची टोपी, टोपीला आतून काळ्या कार्बनची टिकली. ती टिकली बोर्डावरच्या दोन पट्ट्यांना टेकली की बटण दाबलं गेलं. उडी मारायचं बटण सगळ्यात आधी जायचं, साहजिक आहे. आणि ही रचना हुबेहूब टीव्हीच्या रिमोटची. त्यामुळे जो माणूस टीव्हीचे रिमोट दुरुस्त करायचा त्याला हे शिकवावं लागत नव्हतं. टिकलीवर पेन्सिलीचं शिसं घासलं तरी काही दिवस चालायचं. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची टिकली चिकटवली तर आणखी चालायचं. आयटीआयमध्ये 'रेडिओ अँड टीव्ही मेकॅनिक' असा एक अभ्यासक्रमच होता. त्यातून बाहेर पडलेल्या पोराला गेमचा डबा उघडल्यावर एकही अनोळखी गोष्ट दिसत नव्हती, त्या दोन मोठ्या चिपा सोडून. आणि त्या क्वचित जायच्या.

म्हणून आमचं म्हणणं असं की या यंत्राचा टिकाऊपणा फक्त डब्यात नव्हता, तो डब्याभोवतीच्या शहरात होता. आणि हे शहर टीव्हीचं होतं. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉन. या शहरातल्या कितीतरी घरांत टीव्ही म्हणजे व्हिडिओकॉन, आणि कितीतरी घरांतला कुणीतरी तिथे कामाला. इथे आम्ही थोडं विषयाबाहेर जातोय असं वाटेल, पण नाही.

बंदूक आठवते? बदकं मारायची. ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा तुकडा असतो. अंधारानंतर उजेड दिसला, तर नेम लागला. पण तिला कुठलाही उजेड चालत नाही, नाहीतर पोरांनी बल्बवर नेम धरून बदकं मारली असती. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत किरण सेकंदाला पंधरा हजारांवर रेषा आखतो, त्या लयीतला उजेडच तिला ओळखता येतो. एलसीडीच्या पडद्यात ती लय नाही, आणि चित्र यायला किंचित उशीरही होतो. त्यामुळे आज माळ्यावरची बंदूक एकदम ठणठणीत असली तरी नव्या टीव्हीवर एकही बदक पडणार नाही. बंदूक बिघडलेली नाही. तिचा टीव्ही मेला.

आणि तो टीव्ही मरत असताना व्हिडिओकॉननं काय केलं? २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. जग सपाट पडद्याकडे वळत असताना. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला कारणं अनेक होती, तेलापासून टेलिफोनपर्यंत, सगळा दोष ट्यूबवर ढकलायचं कारण नाही. आम्हाला एवढंच दाखवायचंय की यंत्र एकटं टिकत नाही. त्याला लागणारा पडदा, तो दुरुस्त करणारा माणूस आणि त्याच्या दुकानातले भाग, हे सगळं टिकलं तर ते टिकतं.

आता नकलेची उतरती कळा. दोन हजारच्या आसपास डब्याचं वजन अचानक कमी झालं. हातात घेतला तर रिकामा खोका. उघडला तर बोटभर बोर्ड आणि त्यावर डांबरासारखा काळा थेंब. दोन चिपा, मेमरी, सगळं एका सिलिकॉनच्या कपच्यात आलं, ती कपची थेट बोर्डाला चिकटवली, केसाएवढ्या तारांनी जोडली आणि वरून काळा इपॉक्सी ओतला. त्या थेंबाच्या आत कुणालाच जाता येत नाही. तो गेला की डबा गेला. मेकॅनिक हातात घेऊन परत द्यायला लागला. "नवीनच घ्या, यापेक्षा स्वस्त पडेल." हे वाक्य आपल्याकडे तेव्हा नवीन होतं.

या थेंबाला शिव्या देणं सोपं आहे, आणि आम्ही देतोही. पण एक बाजू राहून जाते. थेंबामुळे गेम इतका स्वस्त झाला की तो कर्णपुऱ्याच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानात टांगलेला दिसायचा. ज्या घरात सामुराय कधी आला नसता, तिथे हा गेला. एक दिवाळी चालला, पण चालला. टिकाऊ वस्तू ज्यांना परवडते त्यांनी न टिकणाऱ्या वस्तूला हसू नये, हे आम्ही मानतो. आमची तक्रार किमतीबद्दल नाही. आमची तक्रार खोटेपणाबद्दल आहे. याच काळात डब्यांची रूपं बदलली. आत तोच १९८३ चा खेळ, बाहेरून मात्र सोनीच्या प्लेस्टेशनची हुबेहूब नक्कल. 'पॉलीस्टेशन' नावाचा एक डबा होता, त्याचं सीडीचं गोल झाकण उघडलं की खाली कॅसेटची खाच! सीडी जिथे फिरायला हवी तिथे खाच. पहिल्या नकलेनं निन्टेंडोची चोरी केली पण गिऱ्हाइकाला फसवलं नाही. खेळ जो सांगितला तोच होता. ही दुसरी नक्कल गिऱ्हाइकाला, तेही लहान मुलाला, फसवत होती. आणि कॅसेटवर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. त्यातले वेगळे गेम बोटांवर मोजता यायचे.

आता कुणी म्हणेल, नकलांचं सोडा, नामवंत कंपन्यांचं काय? थोडक्यात सांगतो, कारण हा भाग इंटरनेटवर भरपूर सापडतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या यंत्रांत लेन्स ज्या प्लास्टिकच्या रुळावर सरकायची तो झिजायचा. जगभर लोक यंत्र उलटं ठेवून खेळले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला, अक्षय कुमार आणि युवराज सिंग जाहिरातीत. त्याच यंत्रात तापून-थंड होऊन चिपेखालचे जोड तडकायचे आणि समोर लाल दिव्यांचं कडं पेटायचं. २००७ मध्ये कंपनीला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पैसा होता म्हणून निभावलं. पण तो जोड शेकडो बारीक गोळ्यांचा, चिपेच्या पोटाखाली. पैठण गेटला आज मोबाइलवाल्यांकडे गरम हवेची यंत्रं आहेत. त्या काळी सोल्डरिंगच्या साध्या दांडीनं तिथे काहीच करता येत नव्हतं.

आणि निन्टेंडो? ज्यांनी पाय पडून मोडेल म्हणून दांडी नाकारली, त्यांनीच २०१७ मध्ये स्विचच्या जॉय-कॉनला नखाएवढी दांडी लावली. तिच्या आत कार्बनची पट्टी, तीच झिजते, आणि हात न लावता पात्र आपोआप चालू लागतं. वस्तू तीच, मंडळी: कार्बन. १९८३ मध्ये तो टोपीच्या तळाशी होता, पेन्सिलीनं दुरुस्त होत होता. २०१७ मध्ये तो एका बंद डबीत आहे, ती डबी तीन पाकळ्यांच्या स्क्रूमागे, आणि त्या स्क्रूचा पेचकस आपल्या घरात नसतो. जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. याच कंपनीनं जपानमध्ये फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ पर्यंत चालू ठेवली होती. चोवीस वर्षं! म्हणजे येत नव्हतं असं नाही.

भारत सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं, शेतीची अवजारं असे त्यात विभाग. चांगली गोष्ट. पण माहितीपत्रक मिळून काय होणार, जर भागच चिकटवलेला असेल? आणि आता तर खाचच चालली आहे. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाच नाही, हवी तर वेगळी विकत घ्या. गेम कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचा. निन्टेंडोनं थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये विक्रीसाठी बंद केलं. उद्या ते यंत्र कुणाच्या माळ्यावर सापडेल, चालूही होईल, पण त्या दुकानातले गेम जे आधीच घेतलेत तेवढेच. जे गेम फक्त त्या दुकानातच मिळायचे, त्यांची सेकंडहँड कॅसेट गुलमंडीतून आणता येणार नाही.

वेळ संपत आली आहे. एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो. विचारलंय, "घरी जुना गेम सापडला आहे, लावून बघू का?"

बघा ना, पण जुन्या अडॅप्टरनं लगेच नको. आधी मल्टिमीटर लावून बघा किती व्होल्ट येतात. बारा-तेरा दिसले तर तो बाजूला ठेवा. दुसरा घेताना डब्यावर छापलेलं चिन्ह बघा. या जातीत बऱ्याचदा मधली पिन ऋण असते आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत ती धन असते, उलटं लावलं तर धूर निघेल. डबा उघडलात तर फुगलेले कपॅसिटर दिसतायत का बघा. पैठण गेटला कुणीही बदलून देईल, दोन पायांचा मामला आहे. आत काळा थेंब दिसला तर फार खर्च करू नका. दोन लांब चिपा दिसल्या तर करा. टीव्हीला पिवळी पिन लावायची जागा असेल तर उत्तम, नसेल तर एव्हीवरून एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते. कॅसेटच्या पट्ट्या कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, वाळू द्या आणि मग खोचा.

फुंकर मारू नका. माराल, माहीत आहे.